केशरोपण : हौसेपलीकडचा उपयोग

केशरोपण म्हटले की टक्कल झाकू पाहणारा शहरी गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांत या विद्येचे काय काम, असे कोणासही वाटेल. परंतु जपानी डॉक्टर ओकुदा यांनी १९३९ मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात व्रणांमुळे केस गेलेली जागा आणि नाहीशा झालेल्या भुवया यांचाच विचार होता.

भुवयांचा प्रश्न इकडे अपरिचित नाही. कुष्ठरोगाच्या काही प्रकारांत त्या झडतात. औषधाने रोग पुरता बरा होतो, संसर्ग थांबतो. चेहरा मात्र जुनी बातमी सांगतच राहतो. मग मुलीची सोयरीक मोडते, पंगतीत शेजारचे पान रिकामे राहते.

या शस्त्रक्रियेने नवा केस निर्माण होत नाही, असलेल्या केसाची जागा तेवढी बदलते. भातलावणी करणाऱ्यांना हे सांगावयास नको. कर्जत-३ वाणाचे रोप राबातून काढून कोणत्याही खाचरात लावले तरी ते कर्जत-३ च राहते. डोक्याच्या मागच्या भागातील केसही नव्या जागी आपला मूळ स्वभाव राखतात. अमेरिकेतील डॉ. ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व मांडले. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन मुळांसकट केस काढतात व बारीक छिद्रांत रोवतात. काही आठवड्यांत ते गळतात आणि रोगी हबकतो. पण मुळे जिवंत असतात, तीनचार महिन्यांनी पुन्हा फुटतात. पुरता परिणाम दिसण्यास वर्ष लागते. भुवईत लावलेला केस डोक्यावरल्यासारखाच वाढत असल्याने त्यास अधूनमधून कात्री लावावी लागते, ही गंमत वेगळीच!

दुसऱ्याचे केस चालत नाहीत. शरीर ते स्वीकारीत नाही. चाई किंवा डोक्यातील नायटा यांवर हा उपाय नव्हे. शाळकरी मुलाच्या डोक्यावर असे चट्टे दिसल्यास शिक्षकांनी त्याला आधी दवाखान्यात धाडावे.

कुष्ठरोग्याचे रूप व हात सुधारण्याची शल्यविद्या महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया अग्रणी होते. पुढे याच जिल्ह्यातील मांडवा येथे त्यांनी ग्रामीण आरोग्याचे काम उभारले.

आज केशरोपणाची दुकाने पुष्कळ झाली आहेत. चित्रफिती पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळास सप्टेंबर २०२२ मध्ये बजावावे लागले. तेव्हा करणाऱ्याची पदवी व नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. कुष्ठरोग्याच्या बाबतीत औषधोपचार पूर्ण होऊन रोग शांत झाल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. ते औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. बधिर चट्टा दिसताच पंचायत सदस्यांनी माणसास तेथे पोचविले, तर बहुधा भुवया झडण्याची वेळच येत नाही.