लघुग्रह कोठे असतात?

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून दक्षिणेकडे गेल्यास सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरांवर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर लागते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आकाशातून आलेल्या एका प्रचंड पाषाणाच्या आघाताने काळ्या कातळात निर्माण झाले. असे पाषाण, म्हणजेच लघुग्रह, अंतराळात असतात तरी कोठे?

श्रोतेहो, बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरतात. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांना पालेर्मो येथून तेथे सेरेस दिसला. आज त्याची गणना बटुग्रहांत होते. गुरूच्या प्रबळ आकर्षणामुळे तेथील द्रव्याचा एक मोठा ग्रह बनू शकला नाही. हा पट्टा इतका विरळ आहे, की अंतराळयाने तो निर्वेधपणे ओलांडून जातात.

दुसरा समूह गुरूच्याच कक्षेत, त्याच्या साठ अंश पुढे व तितकाच मागे चालतो. या लघुग्रहांना ट्रोजन म्हणतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते तिसरे. गुरूच्या ओढीने मूळ पट्ट्यातील काहींच्या कक्षा बदलतात आणि ते पृथ्वीच्या आसमंतात येतात. त्यांपैकी अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपृष्ठापासून अवघ्या ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. तो आदळणार नाही, हे गणिताने निश्चित झाले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी तर एक यान मुद्दाम डायमॉर्फस या लहानशा पाषाणावर आदळवून त्याची कक्षा बदलण्यात आली. मात्र असा उपाय योजण्यास पुरेसा अवधी हवा, आणि तो मिळतो केवळ आकाशाच्या अखंड निरीक्षणाने.