रक्तातील मेद : गोळी, पथ्य आणि पायपीट

(विक्रोळी येथे कामगार व ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

विक्रोळी हे श्रमिकांनी उभे केलेले उपनगर आहे. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी येथील विस्तीर्ण जमीन विकत घेतली आणि खाडीकाठच्या माळावर पुढे कारखाने उभे राहिले. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूने, औषधांचे व इतर मालाचे कारखाने आले. त्यांतील कामगारांसाठी व मुंबईतील अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी गृहनिर्माण मंडळाने कन्नमवार नगर, टागोर नगर अशा वसाहती बांधल्या. त्या पिढीतील कामगार स्थानकापासून कारखान्यापर्यंत चालत जाई, दिवसभर यंत्रापुढे उभा राही आणि रात्री उद्वाहक नसलेल्या इमारतीचे जिने चढून घरी येई. व्यायाम हा शब्द त्याच्या तोंडी क्वचितच येत असेल. परंतु व्यायाम त्याच्या दिनक्रमातच होता.

आज त्या बैठ्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. जिन्याची जागा उद्वाहकाने घेतली, पायपिटीची जागा रिक्षाने घेतली आणि डब्यातील भाकरी-उसळीच्या जोडीला गाडीवरील वडापाव व पाकिटबंद फरसाण आले. हा बदल सुखाचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याचा हिशेब कोठे तरी मांडला जातोच. बहुधा तो पन्नाशीच्या आसपास, रक्त तपासणीच्या कागदावर मांडला जातो. कोलेस्टेरॉल वाढले आहे, असे डॉक्टर सांगतात, रोज एक गोळी घ्यावी असे सुचवितात आणि घरात वाद सुरू होतो. एकदा गोळी लागली की ती जन्माची, असे एकजण म्हणतो. लसूण खा, दालचिनी घ्या, असे दुसरा सांगतो. तिसरा कोणी महागडी पूरक द्रव्याची बाटली आणून देतो. या तिघांच्या सल्ल्यात सापडलेल्या माणसाने काय करावे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कोलेस्टेरॉल : मित्र आणि शत्रू

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणासाठी, काही संप्रेरकांसाठी आणि ड जीवनसत्त्वासाठी त्याची गरज असते. त्याचा मोठा भाग आहारातून न येता शरीरातच, मुख्यतः यकृतात तयार होतो. ‘मी तूप-अंडी खात नाही, मग माझे कोलेस्टेरॉल कसे वाढले?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी एलडीएल नावाचे कण प्रमाणाबाहेर वाढले की ते रोहिणीच्या भिंतीत शिरतात. तेथे वर्षानुवर्षे थर साचतो आणि एखाद्या दिवशी तो फुटून रक्ताची गुठळी होते. ही सर्व वाटचाल निःशब्द असते. साचणाऱ्या थराची वेदना होत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

भारतीयांच्या बाबतीत या दुर्लक्षाची किंमत अधिक आहे. बावन्न देशांतील रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो सुमारे ५९व्या वर्षी येतो. म्हणजे घर चालविणारा माणूस, मुलांची शिक्षणे पुरी होण्यापूर्वीच अंथरुणाला खिळतो किंवा नाहीसा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे एकपंचमांश प्रौढांत एलडीएल वाढलेले आढळले.

बुरशीतून आलेले औषध

ज्या गोळीची एवढी धास्ती घेतली जाते, तिचा जन्म एका धान्याच्या दुकानाशी निगडित आहे. जपानमधील शेतकरी कुटुंबात वाढलेले संशोधक अकिरा एंडो यांनी यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारे द्रव्य शोधण्यासाठी सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. १९७३ साली क्योतो येथील दुकानातील तांदळावर मिळालेल्या निळसर हिरव्या बुरशीत त्यांना ते सापडले. पुढे त्याच वर्गातील लोव्हास्टॅटिन या औषधास १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दरम्यान, रक्तातील एलडीएल यकृत कसे उचलून घेते याचा उलगडा करणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५चे नोबेल पारितोषिक लाभले. स्टॅटिन यकृतातील उत्पादन मंदावते. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. औषधाचे कार्य ते एवढेच.

परंतु आकडा उतरणे वेगळे आणि माणूस वाचणे वेगळे. ही खरी परीक्षा १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील प्रयोगात झाली. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन व निम्म्यांना औषध नसलेली नकली गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांनी याच निष्कर्षाला पुष्टी दिली.

पथ्याची शक्ती व तिची मर्यादा

मग पथ्य व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओट, जव, सोयाबीन, बदाम, इसबगोल, वनस्पतिजन्य स्टेरॉल यांच्या जोडीला आपल्या परिचयाची भेंडी आणि वांगी यांचा समावेश होता. महिन्याभरात या आहाराने एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरले. लोव्हास्टॅटिनच्या गोळीने उतरले ते सुमारे ३१ टक्क्यांनी. हा आकडा वाचून पथ्याचे पुरस्कर्ते हर्षभरित होतात. पण याच आहाराचा केवळ सल्ला देऊन, लोकांना आपापल्या घरी तो पाळण्यास सांगितले, तेव्हा सहा महिन्यांत उतार झाला तो सुमारे १३ टक्के. पथ्य शास्त्रात कमी पडत नाही. ते लग्नकार्यात, सणावारात आणि कामाच्या धबडग्यात कमी पडते.

तथापि तेरा टक्के म्हणजे काही थोडे नव्हे. त्यासाठी परदेशी पदार्थांची गरजही नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, जवसाची चटणी, पालेभाजी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, हे आपले जुने अन्नच त्या दिशेने जाणारे आहे. टाळावयाचे ते वनस्पती तुपातील व पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलातील तळण. औद्योगिक ट्रान्स मेदावर भारतात २०२२पासून दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. मात्र कढईतले तेल किती वेळा तापले याचा पहारा कायद्याला प्रत्येक गाडीवर ठेवता येत नाही. तो गिऱ्हाइकानेच ठेवावयाचा असतो.

बसवाहकाचे जिने

व्यायामाचा सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून मिळाला. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले की, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. दोघांचा मालक एक, बस एक; भेद मुख्यत्वे पायांच्या हालचालीचा. जिच्या रस्त्यांवर दुमजली बस अनेक पिढ्यांनी पाहिली, त्या मुंबईला हे उदाहरण समजावून सांगावे लागू नये.

येथेही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चालण्याने एलडीएल फारसे उतरत नाही. उतरतात ती ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब, रक्तशर्करा आणि वजन. म्हणून तीन महिने चालूनही एलडीएलचा आकडा हलला नाही, तर चालणे वाया गेले असे समजू नये. आणि रोज चालतो म्हणून गोळी नको, असेही समजू नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस करते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे.

गुग्गुळाची कथा

पूरक द्रव्यांचा विचार करताना विक्रोळीशी दूरान्वयाने संबंधित असलेली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. सिप्ला कंपनीने १९६० साली आपला दुसरा कारखाना विक्रोळीत सुरू केला आणि तेथे वनस्पतिजन्य द्रव्यांवर विशेष भर दिला. त्याच दशकात, १९६६ साली, बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा सशांवर अभ्यास केला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून गुगुलिपिड सिद्ध केले आणि सिप्लाने ते बाजारात आणले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचण्यांत कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. प्राचीन ज्ञान आणि अर्वाचीन प्रयोगशाळा यांचा हा संगम अभिमानास्पदच होता.

परंतु अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ व्यक्तींवर नकली गोळीशी तुलना करून केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी चार ते पाच टक्के वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. तेथील आहार निराळा, शरीरप्रकृती निराळी, असे म्हणता येईल. पण ज्या द्रव्याबद्दल एवढा मतभेद शिल्लक आहे, त्याच्या भरवशावर हृदय सोपविणे शहाणपणाचे नाही. वनस्पती आपली आहे म्हणून तिची परीक्षा सोपी करावयाची नसते. आपली आहे म्हणूनच ती अधिक कसून घ्यावयाची असते.

इतर पूरकांचीही परीक्षा झाली आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांच्या गोळ्यांची तुलना रोझुव्हास्टॅटिनच्या केवळ पाच मिलिग्रॅम मात्रेशी करण्यात आली. २८ दिवसांत स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले. सहांपैकी एकाही पूरकाचा परिणाम नकली गोळीहून लक्षणीयरीत्या सरस ठरला नाही. लाल यीस्ट तांदळाची गंमत अशी की, त्यात असलेले क्रियाशील द्रव्य म्हणजे लोव्हास्टॅटिनच होय; फक्त मात्रा अनिश्चित आणि शुद्धतेची हमी नाही. २०२४ साली जपानमध्ये अशाच पूरकातील भेसळयुक्त द्रव्यामुळे अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. स्वयंपाकातील हळद-लसूण आनंदाने खावी. बाटलीतील त्यांच्या अर्काला औषध समजू नये.

गोळीची भीती

स्टॅटिनचे दुष्परिणाम काल्पनिक आहेत, असे म्हणणे असत्य ठरेल. काहींना स्नायुदुखी होते. रक्तशर्करा सीमेवर असलेल्यांत मधुमेहाचे निदान किंचित वाढते. क्वचित यकृतावर परिणाम होतो. गर्भवती स्त्रियांनी आणि मातृत्वाचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना तसे सांगणे अत्यावश्यक आहे. पण भीतीचा वाटाही मोठा असतो. लंडनमधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. स्टॅटिनच्या महिन्यांत जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीनेही जाणवला. त्यांची वेदना खोटी नव्हती. तिचे कारण मात्र औषधात नव्हते. हे समजल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

कोणी काय करावे?

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रोहिणीत जाळी बसविली आहे किंवा ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यापुढे गोळी की पथ्य असा पर्यायच नाही. त्यांना दोन्ही हवीत. अहवाल चांगला आला म्हणून त्यांनी गोळी बंद करणे हा सर्वांत घातक निर्णय होय. कारण अहवाल चांगला आला तो पुष्कळ अंशी गोळीमुळेच. ज्यांच्या घराण्यात लहान वयात हृदयविकार झाला आहे आणि ज्यांचे एलडीएल तरुणपणीच १९० किंवा त्याहून अधिक आहे, त्यांचा दोष आनुवंशिक असू शकतो. तो पथ्याने सहसा आटोक्यात येत नाही. मधुमेह्यांनाही बहुधा औषधाची जोड लागते.

याउलट ज्यांना अन्य व्याधी नाही, तंबाखूचे व्यसन नाही आणि एलडीएल थोडेसेच वाढलेले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने काही महिने आहार व चालणे प्रामाणिकपणे पाळावे आणि पुन्हा तपासणी करावी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १००च्या खाली, अधिक धोका असलेल्यांचे ७०च्या खाली आणि अत्यंत धोका असलेल्यांचे ५५च्या खाली असावे. पहिली तपासणी १८व्या वर्षीच करावी. एकच आकडा एकाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, तो यामुळेच. शेजाऱ्याची गोळी बंद झाली म्हणून आपलीही बंद, हा हिशेब चुकीचा आहे.

खर्चाची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे आणि जनऔषधी केंद्रांत ते अल्प दरात मिळते. पुष्कळदा पूरकाच्या एका बाटलीच्या किमतीत कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात. रक्तदाब व रक्तशर्करेच्या तपासणीसाठी महानगरपालिकेचे दवाखाने आहेत. त्यांचा लाभ घेण्यात संकोच नसावा.

बंधुभगिनींनो, गोळी हा पथ्याचा पराभव नव्हे आणि गोळी म्हणजे वाटेल ते खाण्याचा परवानाही नव्हे. ज्या कामगारांनी हे उपनगर उभारले, ते निवृत्तीनंतरची वर्षे नातवंडांसमवेत सुखाने घालवोत, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी आज घरी गेल्यावर कपाटातील तपासणीचा कागद बाहेर काढावा, त्यावरील एलडीएलचा आकडा वाचावा आणि तो कागद घेऊन, शक्य असल्यास पायीच, डॉक्टरांकडे जावे.