घरमालक, भाडेकरू आणि नोंदणीचा कागद

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरगाव-लालबागच्या चाळीचा मालक उभा राहतो. परंतु या सभेतच घरमालक किती बसले आहेत ते पाहावे. कोणी निवृत्तीच्या फंडातून दुसरी खोली घेतली, कोणी पोटमाळा चढवून वरची जागा दिली, कोणाचा मुलगा नवी मुंबईला राहावयास गेला म्हणून ट्रॉम्बेची खोली भाड्याने गेली. आम्ही बँकेत खिडकीमागे बसणारी माणसे, कायद्याचे पंडित नव्हेत. परंतु डिपॉझिटच्या रकमा भरताना व काढताना आम्ही पाहतो, आणि "कागद काय केला आहे?" असे विचारले की बहुधा एकच उत्तर येते, "अकरा महिन्यांचा करार आहे, स्टॅम्प पेपरवर. त्याला नोंदणी लागत नाही."

हा गैरसमज आहे आणि तो फार महागात पडतो. 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. त्यातून सुटण्यासाठी अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात मात्र 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिने असो की सहा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेचा धाक आम्ही घालत नाही. खरी मेख पुढेच आहे. करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करावयाचे. आपण म्हणाल भाडे आठ हजार, तो म्हणेल तीन. आपण म्हणाल अकरा महिन्यांचे लायसन्स, तो म्हणेल मी कायमचा भाडेकरू. आणि भाडेकरू ठरला की कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येत नाही.

उलट राहत्या जागेचा लायसन्सचा करार रीतसर असेल तर कलम 24 मालकाच्या पाठीशी उभे राहते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. एवढ्यासाठी खर्च किती? अकरा महिन्यांचे भाडे, अधिक डिपॉझिटवरील दहा टक्के दराचे व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. आठ हजार भाडे आणि पन्नास हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक दोन-तीनशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एजंटाची दलाली याहून किती अधिक असते!

मालकांच्या मनात जी भीती आहे ती मात्र निराधार नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवले. पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि मालकांनी जागांना कुलपे घालणे पसंत केले. 1997 साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे आता न्याय्य राहिले नाही असे म्हटले. नव्या कायद्याने मोठ्या कंपन्या आणि बँका यांना संरक्षणातून वगळले आहे. म्हणजे आम्ही जेथे बसतो त्या बँकेलाही भाडेकरू म्हणून हा आसरा नाही, पण खोलीतल्या साध्या कुटुंबाला आहे. आम्हांस हे योग्यच वाटते.

आता हेवी डिपॉझिट. महिन्याचे भाडे नाही, एकदम दोन-तीन लाख घ्यावयाचे आणि जागा सोडताना परत द्यावयाचे. हे पैसे मुलीच्या लग्नाला किंवा खोलीच्या दुरुस्तीला लागतात. मुदत संपते, परत द्यावयास रक्कम नसते, आणि राहणारा म्हणतो, पैसे द्या मग किल्ली घ्या. त्याचे चुकले काय? त्याचीही जन्माची पुंजी तीच असते. म्हणून ही रक्कम चेकनेच घ्यावी, करारात लिहावी, आणि निम्मी तरी मुदत ठेवीत राखावी. रोख घेतलेल्या पैशाचे पासबुकात नाव राहत नाही.

भाड्याने घेणाऱ्याने मूळ कागद पाहावा. 1976 साली जनता कॉलनी हलवून चीता कॅम्प वसला. अशा वस्तीत जागा कोणाच्या नावे मंजूर आहे, कोण राहतो आणि भाडे कोण घेतो, ही तीन निरनिराळी माणसे असू शकतात. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली सदनिका तर ठराविक वर्षे विकण्यास किंवा भाड्याने देण्यास कायद्याने मनाई आहे. तेथे लाखाचे डिपॉझिट देणे म्हणजे रक्कम पाण्यात टाकणे होय.

दोन गोष्टी मालकांना. भांडण झाले म्हणून पाणी-वीज तोडू नये, तो गुन्हा आहे. भाड्याची पावती द्यावी, तीही कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि भाडेकरूला आडनाव विचारून जागा नाकारू नये. बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नव्हती. आपल्यापैकी अनेकांना तो प्रश्न मुंबईतही विचारला गेला आहे.

सभेनंतर आम्ही येथेच थांबतो आहोत. ज्यांच्या कराराची मुदत या दोन-तीन महिन्यांत संपते आहे त्यांनी कागद घेऊन यावे. नोंदणी आता ऑनलाइनही होते, फक्त दोन्ही पक्षांची आणि साक्षीदारांची ओळखपत्रे जवळ असू द्यावीत.