काउंटरपर्यंतची सोबत

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. मनातली ओळख आणि अंगावरचा देह यांचा मेळ न बसल्याने जो क्लेश होतो, त्याला वैद्यकात जेंडर डिस्फोरिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या नियमावलीतून 'विकार' हा शब्द काढून हे नाव स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे आजार-वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला गेला. क्लेश खरा आहे आणि त्यावर उपचारही आहेत, पण तो भोगणारी स्त्री मनोरुग्ण ठरत नाही, एवढे या बदलातून स्पष्ट झाले. शिखंडी, बृहन्नडा आणि अर्धनारीश्वर या पौराणिक उदाहरणांचा भाग श्रोत्यांना पाठ असल्याने तो येथे वगळला आहे.

या व्याख्यानाचे प्रतिपादन एकच आहे. ट्रान्स स्त्रियांनी एकमेकींना दिलेली सोबत हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याची नोंद तशीच व्हायला हवी. संप्रेरके, शस्त्रक्रिया, समुपदेशन यांची यादी होते; दवाखान्याच्या काउंटरपर्यंत बरोबर चालत आलेल्या मैत्रिणीची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

डिस्फोरिया दिवसभर एकसारखा नसतो. सकाळी आरशासमोर तो दाढीच्या खुंटांत असतो, आंघोळीच्या वेळी साऱ्या अंगात, आणि फोन वाजला की आवाजात. अनेकजणी दिवा न लावता आंघोळ करतात. दाढीचा प्रश्न सर्वांत जुना, म्हणून त्यावरचे सामुदायिक ज्ञानही सर्वांत जुने. वस्तऱ्याने केस काढले तरी हनुवटीवर निळसर छटा राहते, हे हिजडा परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून तिथे चिमट्याने केस उपटण्याची रीत आहे, आणि दुपारी एकमेकींसमोर बसून हे काम गप्पांबरोबर चालते. नव्या पिढीतल्या मुली फाउंडेशनच्या आधी नारिंगी किंवा लाल लिपस्टिकचा पुसट हात फिरवतात; त्याने निळसरपणा दबतो. लेझर काळ्या केसांवर चालते, पांढऱ्यांवर नाही. इलेक्ट्रोलिसिस प्रत्येक मूळ जाळते, पण वेळ आणि पैसा दोन्ही खाते. कोणत्या दवाखान्यात हसत नाहीत, हे मात्र फक्त मैत्रीणच सांगू शकते.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. खांदे रुंद असतील तर बाहीला फुगा नको, गळा खोल हवा, हे शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. अडचण होते ती माप देताना. टेप हातात घेतलेल्या अनोळखी शिंप्यापुढे उभे राहणे हीच अनेकींना सर्वांत मोठी शिक्षा वाटते. त्यावर तोडगा साधा आहे: थोरली मैत्रीण घरीच माप घेते, किंवा आपला मापाचा ब्लाउज घेऊन दुकानात जाते. पुढच्या दिवाळीपर्यंत धाकटीच्या नावाचा मापाचा ब्लाउज तयार असतो.

तिसरा प्रश्न आवाजाचा. पौगंडावस्थेत स्वरतंतू एकदा जाड झाले की स्त्री-संप्रेरके घेऊनही ते पूर्ववत होत नाहीत. पुरुषांच्या बोलण्याची पट्टी साधारणपणे १०० ते १३० हर्ट्झ असते, स्त्रियांची १८० ते २२०. पण ऐकणाऱ्याचा कान केवळ पट्टी मोजत नाही. आवाज छातीत घुमतो की तोंडाच्या पुढच्या भागात, वाक्याचा शेवट खाली पडतो की वर जातो, यावरही तो निवाडा देतो. म्हणजे आवाज हा मोठ्या प्रमाणात कमावण्याचा भाग आहे, आणि कमावण्यासाठी समोर कान लागतो.

मराठी सभागृहात या मुद्द्यावर बालगंधर्वांचे नाव येणे अटळ आहे. टिपणात त्यांना दोनच ओळी दिल्या होत्या. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे रंगभूमीवर स्त्री-भूमिका गाजवणारे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ मध्ये 'मानापमान' नाटक झाले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची पदर घेण्याची लकब घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली, हे जुन्या लोकांनी वारंवार लिहून ठेवले आहे. बालगंधर्व ट्रान्स स्त्री होते असे येथे कोणीही म्हटलेले नाही. पहिल्या रांगेने निश्चिंत राहावे. (हशा) ते नट होते आणि ती भूमिका होती. भूमिका नाटक संपल्यावर उतरवता येते, ओळख उतरवता येत नाही. दोन्हींतला फरक एवढा मोठा आहे. मुद्दा वेगळा आहे. चाल, पदर, लाजणे, स्वर लावणे या शिकण्याच्या आणि शिकवण्याच्या गोष्टी आहेत, हे मराठी समाजाने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले आणि तिकीट काढून मान्य केले.

याच समाजाने गणपत पाटलांचेही काम पाहिले. तमाशापटांत नाच्याच्या भूमिका करणाऱ्या या नटाला पडद्याबाहेर संसार होता, मुले होती, आणि तरीही त्यांना आणि कुटुंबाला आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. एकाची लकब सुनांनी उचलली, दुसऱ्याची पोरांनी नक्कल केली. राजवस्त्रातली स्त्री-भूमिका पूज्य आणि फडातली हास्यास्पद, हा निवाडा कलेपेक्षा जातीपातीचा आणि पैशाचा अधिक आहे. (सभागृहात कुजबुज) रायपुरातल्या या सभागृहातील छत्तीसगडकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. इथल्या 'नाचा' या लोकनाट्यात परी, म्हणजे नर्तकी, होऊन रात्रभर नाचणारा पुरुषच असतो. दाऊ मंदराजींनी रवेली गावात नाचाची मंडळी बांधली, रायपूरचेच हबीब तन्वीर यांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन जगभर नाटके केली. परीला रात्री दाद देणारे गाव ट्रान्स मुलीला सकाळी विहिरीवर उभे राहू देईलच असे नाही. विषय इथे बराच लांबला. मूळ मुद्दा आवाजाचा होता. सराव करणाऱ्या मुलीला घरात कोणी टोकेल या भीतीने तोंड उघडता येत नाही. दोघी-तिघींच्या खोलीत ते जमते. रिक्षावाल्याला पत्ता सांगणे, भाजीवालीशी घासाघीस करणे, गॅस एजन्सीला फोन लावणे हे तिथले पाठ.

चौथा प्रश्न औषधांचा, आणि येथे सोबतीचा दोषही दिसतो. इस्ट्रोजेन व पुरुष-संप्रेरक रोखणारे औषध सुरू केल्यावर त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते, तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते आणि ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. दाढी जात नाही. मूल होण्याची क्षमता घटते, आणि ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे. डॉक्टरांपर्यंत पोहोचता येत नाही तेव्हा मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून त्या दुप्पट-तिप्पट घेतल्या जातात. त्यांतल्या इथिनिल इस्ट्राडायोलमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी. पुरुष-संप्रेरक रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून रक्ततपासणी लागते. 'तिला दोन महिन्यांत फरक पडला, तुला का नाही' ही तुलनाही मैत्रिणीच करतात, आणि ती डिस्फोरिया वाढवते. सोबतीचे गोडवे गाणाऱ्याने हे लपवू नये. योग्य सोबत ती, जी गोळी न देता डॉक्टरांपर्यंत नेते, केसपेपरवर कोणते नाव पुकारले जाणार हे आधी विचारून घेते, आणि पुरुषांच्या रांगेत उभे राहण्याची वेळ आली तर शेजारी उभी राहते.

या सोबतीची जुनी चौकट म्हणजे हिजड्यांचा डेरा. गुरू, चेला, गुरुबहिणी, गुरूची गुरू असे नातेवाईक आणि त्यांची घराणी. घरातून हाकललेल्या मुलीला डेऱ्यात ताट, अंथरूण आणि नाव मिळते. बधाईसाठी, म्हणजे लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देण्यासाठी, गाणे शिकवले जाते. (लग्नघरी त्या वेळी पाकीट नेमके हरवणारे यजमान सभागृहात असतील, तर त्यांनी हात वर करू नयेत.) पण डेऱ्याची शिस्त कडक असते. कमाईचा वाटा द्यावा लागतो, गुरू बदलायची तर दंड भरावा लागतो, आणि निर्वाण, म्हणजे लिंगछेद, केलेलीला न केलेलीपेक्षा वरचा मान असतो. त्या मानासाठी अननुभवी हातांनी झालेल्या छेदाने जीव गेले आहेत. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही काढली आणि बायकांचे कपडे घालून रस्त्यावर नाचण्यावर बंदी आणली. डेऱ्यांची बंद दारे काही अंशी त्या कायद्याची देणगी आहे.

नवी चौकट संस्थेची. रायपुरात विद्या राजपूत, रवीना बरिहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली मितवा समिती हे तिचे जवळचे उदाहरण. केंद्राच्या गरिमा गृह योजनेत रायपूरचे निवारागृह या संस्थेकडे आले. अशा गृहात २५ जणींना राहण्या-जेवणाची आणि कौशल्य शिकण्याची सोय अपेक्षित असते. ३० मार्च २०१९ रोजी याच शहरात १५ ट्रान्स स्त्रियांचे सामूहिक विवाह झाले. १ मार्च २०२१ रोजी छत्तीसगड पोलिसांच्या शिपाई भरतीचा निकाल लागला आणि १३ ट्रान्स उमेदवार निवडले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक रायपूर जिल्ह्यातले. २०२२ मध्ये बस्तर फायटर्स दलात आणखी ९ जण आले. भरतीची तयारी म्हणजे पहाटेच्या मैदानात धावणे, म्हणजे देह सर्वांसमोर उघड करणे. एकटीने ते होत नाही. गट करून धावले की बघ्यांची नजर वाटली जाते.

खोली मिळवणे हा रोजच्या जगण्यातला पाचवा आणि बहुधा सर्वांत कठीण भाग. रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्तीत, महामाया मंदिर ते दूधाधारी मठ या गल्ल्यांत, भिंतीला भिंत लागून असते आणि भाडेकरूची चौकशी मालकाच्या आधी शेजारी करतात. इथेही सोबत कामाला येते: आधी राहून गेलेली भाडेकरू पुढचीची हमी देते, मालकिणीशी बोलते, पहिल्या महिन्यात येऊन-जाऊन असते. तात्यापारा आणि चौबे कॉलनीतल्या मराठी घरमालकांना हा परिच्छेद विशेषतः लागू आहे. कोणावर आरोप नाही. रिकाम्या खोल्या मात्र आहेत. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे कायदा थोडक्यात. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्स कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली होती आणि त्यांची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय तपासणीशिवाय, शपथपत्रावर, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ओळखपत्र देण्याची तरतूद केली. बाकी तपशील छापील प्रतीत वाढवण्याचे आश्वासन होते, पण छापील प्रतीलाही पाने मोजूनच मिळाली.

एक कलम मात्र सोडता येत नाही. २०१९ च्या त्या कायद्यात कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह किंवा कायदेशीर दत्तक एवढ्यावर थांबते. गुरू त्यात बसत नाही, दहा वर्षे एका खोलीत राहिलेली मैत्रीणही नाही. परिणामी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही मागितली जाते ती ज्या भावाने घराबाहेर काढले त्याची. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणात निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली. दवाखान्याच्या छापील अर्जांपर्यंत ती पोहोचायची आहे.

येथवरच्या विवेचनातून तीन मागण्या निघतात. पहिली, दवाखान्याच्या केसपेपरवर रुग्णाने निवडलेल्या सोबतीणीचे नाव लिहिण्याची जागा असावी आणि तिची सही ग्राह्य धरावी. दुसरी, संप्रेरकांविषयीची खरी माहिती आधी अशा सोबतीणींना द्यावी, कारण धाकट्या मुली प्रथम त्यांनाच विचारतात. तिसरी, या कामाला मानधन असावे. एड्स नियंत्रण कार्यक्रमात वस्तीतल्याच स्त्रियांना पिअर एज्युकेटर म्हणून नेमून मानधन देण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. डिस्फोरियाच्या उपचारातही तीच पद्धत आणता येईल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.