बाग आधी बघा, भाव मग सांगा

गेल्या वर्षी मी गटातून कर्ज घेऊन बेणणीसाठी ग्रासकटर घेतला. पहिल्या कलमबागेचा भाव न बघताच फोनवर उक्ता सांगून टाकला. आत सगळी झुडपं आणि दगड! दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं, मजुरीही सुटली नाही. हप्ता मात्र भरावाच लागला.

आता आधी बाग फिरून बघते. पेट्रोल, ऑइल, ब्लेड, दुरुस्ती आणि स्वतःची मजुरी धरूनच भाव सांगते. गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हाच त्यांना भेटा, बेणलेली एखादी बाग दाखवा. काम झालं की फोटो पाठवा. आणि हो, दगड उडतो. चष्मा, बूट घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.