आमचा तांडेल
(मित्राच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यातील सभेत केलेले भाषण)



इथे बसलेले बहुतेक जण त्याला डॉक्टरसाहेब म्हणून ओळखतात. मिरजेच्या हॉस्टेलवर आम्ही त्याला तांडेल म्हणायचो. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी गाव, वडील बोटीवर खलाशी, म्हणून हे नाव पडलं आणि शेवटपर्यंत राहिलं. आजही मी त्याच नावानं बोलणार आहे.

१९७३ साली आम्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलो. अ‍ॅनाटॉमीसाठी हाडांचा सेट लागतो. एकट्याला परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी मिळून एका सीनियरकडून अर्धा सेट विकत घेतला. गोणपाटात बांधलेली ती हाडं एक आठवडा माझ्या कॉटखाली असायची, एक आठवडा त्याच्या. डिसेक्शन हॉलमधून आल्यावर हाताला फॉर्मॅलिनचा वास यायचा, मेसमध्ये घास उतरायचा नाही. तांडेल म्हणायचा, "मी सुकटीच्या वासात वाढलोय, मला काय सांगता!" आणि आमच्या ताटातल्या चपात्या उचलायचा.

त्या वयात सगळेच मोठं बोलतात. हाडावरून जात कळत नाही, धर्म कळत नाही, हे वाक्य आमच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी म्हणायचं. एकदा तांडेल म्हणाला, "हाडांचं ठीक आहे रे. हाडांना खोली भाड्यानं घ्यावी लागत नाही." आम्ही हसलो होतो.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात तिथे रात्रभर गाणं चालतं. तांडेलला रागदारीतलं ओ की ठो कळत नसे. तो चपला उशाला घेऊन झोपायचा आणि भैरवीला बरोबर जागा व्हायचा.

पुढे सांगलीच्या सिव्हिलला वॉर्ड सुरू झाले. तेव्हा क्षयरोगाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला की पेशंट येणं बंद करायचे. तांडेल त्यांचे पत्ते वहीत लिहून घ्यायचा आणि स्वतःच्या पैशानं पोस्टकार्डं टाकायचा. काही जण परत यायचे. आमच्या बॅचमध्ये हे करणारा तो एकटाच.

आता जे सांगायला मी उभा राहिलोय ते सांगतो.

१९९६ साली मुलीच्या शिक्षणासाठी त्यानं पुण्यात यायचं ठरवलं. माझ्या सोसायटीत एक फ्लॅट विकायचा होता. त्याला तो आवडला, मालकही तयार होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कमिटीची बैठक झाली. कोणी आवाज चढवला नाही. "डॉक्टर चांगलेच असणार, पण उद्या आणखी येतील," असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं खाण्यापिण्याचा विषय काढला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. 'सदर विषय पुढे ढकलण्यात येत आहे,' असं मी लिहिलं. तशाच मजकुराचं पत्र मालकाला दिलं आणि तांडेलला सांगितलं, मालकाचा विचार बदलला.

तो म्हणाला, "बरं." आणि त्यानं कोंढव्यात घर घेतलं, तिथेच दवाखाना टाकला.

मुसलमान वेगळे राहतात, आपल्यात मिसळत नाहीत, असं मी अनेकदा ऐकतो. माझ्या एका मित्राला तिथे कोणी पाठवलं, ते मला माहीत आहे.

पल्स पोलिओच्या काळात वस्तीत अफवा पसरली होती, की या थेंबांनी मुलांना पुढे मूल होत नाही. काही घरं दार उघडत नव्हती. तांडेल स्वतः कार्यकर्त्या बायकांबरोबर गल्लीत फिरायचा. लसीची कुपी आयांच्या हातात द्यायचा. तिच्यावर एक वर्तुळ असतं, त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत लस चांगली, हे तो त्यांनाच बघायला लावायचा. मग सगळ्यांसमोर आपल्या नातीच्या तोंडात दोन थेंब टाकायचा. त्याला 'सरकारी माणूस' म्हणून हिणवलं गेलं, काही महिने दवाखान्यातली गर्दी कमी झाली. तो फिरत राहिला. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी त्यानं मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "झालं बघ."

आपल्याच माणसांत उभं राहून त्यांना न आवडणारं बोलणं काय असतं, हे मी त्याच्याकडून पाहिलं. मला ते एका बैठकीपुरतंही जमलं नव्हतं.

गेल्या वर्षी तो गेला. कब्रस्तानात त्याच्या मुलानं मला पुढे बोलावलं. मी तीन मुठी माती टाकली. चार दिवसांनी घरी गेलो तेव्हा भाभींना मी सगळं सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "भाऊ, त्यांना माहीत होतं. मालकानं ते पत्र दाखवलं होतं. तुमचं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं."

पत्र पाहिल्यावरही तो दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्या घरी येत होता. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होता. माझी बायपास झाली तेव्हा रात्री तोच उशाशी बसला होता. एकदाही त्यानं विषय काढला नाही. त्यानं मला माफ केलं होतं, असं मी म्हणणार नाही. ते ठरवणारा मी कोण? मी विचारायला हवं होतं, आणि माझ्याकडे पंचवीस वर्षांहून जास्त वेळ होता.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका तरुण मुस्लिम डॉक्टर जोडप्यानं फ्लॅट पाहिला. पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. हे कलम १९९६ सालीही होतं. कायदा तेव्हाही होता, सेक्रेटरी गप्प होता.

येत्या रविवारी बैठक आहे. मी आता कमिटीत नाही, पण सभासद आहे. मी बोलणार आहे, आणि माझं बोलणं इतिवृत्तात लिहा, असंही सांगणार आहे. हे आज तुमच्यासमोर बोलून ठेवतो, म्हणजे रविवारी मला मान खाली घालता येणार नाही. सोमवारी भाभींना फोन करून काय झालं ते कळवीन.