आफ्रिकेच्या बाजारपेठेत ग्रॅनाइट : संधी आणि श्रावकाचा व्यवहार
(सुवर्णमहोत्सवी व्यापारी संमेलनातील भाषण)



माझा जन्म कापडाच्या गादीवर गेला. दगडाच्या धंद्यावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. परंतु वसई-विरारमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांची मूळ गावे जालोर, सिरोही आणि पाली जिल्ह्यांत आहेत, आणि जालोर आज 'ग्रॅनाइट नगरी' म्हणून ओळखले जाते. गावाकडचा ग्रॅनाइट आफ्रिकेत पाठवावा काय, असे आपली तरुण मंडळी विचारीत असतात. हिशेबाची वही आणि श्रावकाचे व्रत या दोन्ही बाजूंनी या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या किनाऱ्याला हा व्यापार नवखा नाही. ज्या प्राचीन ग्रीक सागरवर्णनात आपल्या सोपाऱ्याचे नाव येते, त्याच ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पूर्व बंदरांत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड जात असल्याची नोंद आहे. म्हणजे माझा धंदा त्या वाटेवर सुमारे दोन हजार वर्षे जुना. दगडाचेही तसेच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि येथील घडीव दगड जहाजांतून गोव्याला जाऊ लागला. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईचाच. त्याला कोणी ग्रॅनाइट म्हटले, तरी तो आहे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. नावाचा हा घोटाळा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता बाजारपेठेकडे वळू. आफ्रिका खंडाची लोकसंख्या आज सुमारे दीडशे कोटी असून २०५० पर्यंत ती अडीचशे कोटींच्या आसपास जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. लागोस, नैरोबी, दार-ए-सलाम, आदिस अबाबा ही शहरे झपाट्याने वाढत आहेत. घरे, बँका, रुग्णालये, हॉटेले उभी राहतात तेथे जिन्याच्या पायऱ्या, ओटे, फरशा आणि भिंतीचे आवरण लागतेच. केनियात तर हालारी वीसा ओसवाल बांधव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसलेले आहेत आणि मोंबासात १९६३ पासून शिखरबंद जिनमंदिर आहे. परक्या मुलखात ओळखीचा एक दरवाजा असणे, हे व्यापाऱ्याचे अर्धे भांडवल होय.

परंतु आफ्रिकेत दगड नाही म्हणून ते आपल्याकडून घेतात, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. झिंबाब्वेतील मुटोकोचा काळा दगड जगभर नावाजलेला आहे. दक्षिण आफ्रिका आणि अंगोला यांच्या खाणीही मोठ्या आहेत. आपण विकतो ते कौशल्य : ठोकळ्याची कापणी, चकाकी, मापाचा नेमकेपणा आणि एकाच ठिकाणी मिळणारे अनेक रंग. जालोरबरोबर कर्नाटकातील इलकल, आंध्रातील चिमाकुर्ती आणि तेलंगणातील करीमनगर यांचा माल एका यादीत देता येतो, हे आपले बळ. उद्या तेथेही कापणीचे कारखाने वाढतील. तेव्हा जो केवळ स्वस्त दर घेऊन गेला तो मागे पडेल. विश्वास घेऊन गेलेला टिकेल.

आता थोडा हिशेब मांडतो. दोन सेंटीमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते. वीस फुटी कंटेनरमध्ये २६ टनांच्या आसपास माल धरला, तर पेट्यांचे वजन वजा जाता सुमारे ४७० चौरस मीटर, म्हणजे पाच हजार चौरस फूट माल बसतो. कंटेनरची दोन तृतीयांशांहून अधिक जागा रिकामीच राहते! कापडाच्या गासडीला जागा लागते, दगडाला वजन लागते. म्हणून जालोर ते मुंद्रा हे रस्त्याचे भाडे आणि पुढचे जहाजभाडे पक्के केल्याविना दर सांगू नये. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळविल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. लाकडी पेट्यांवर कीडप्रतिबंधक प्रक्रियेचा शिक्का लागतो. पुढे आपल्याच पालघर जिल्ह्यात वाढवण येथे मोठे बंदर व्हावयाचे आहे; त्याचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. त्या बंदराकडे आशेने पाहताना तेथील मच्छीमार बांधवांची चिंताही आपण समजून घ्यावी. समुद्र त्यांचीही पेढी आहे.

पैशाच्या बाबतीत भिडेखातर उधारी करू नये. जून २०२३ मध्ये नायजेरियाच्या नायराचा आणि जुलै २०२४ मध्ये इथियोपियाच्या बिरचा भाव कोसळला. असे झाले की प्रामाणिक ग्राहकालाही डॉलर मिळेनासा होतो. म्हणून भरवशाच्या बँकेने हमी दिलेली एलसी घ्यावी. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि १९५७ पासून कार्यरत असलेल्या ईसीजीसीचा निर्यात विमा उतरवावा. ग्रॅनाइटसाठी कॅपेक्सिल ही निर्यात परिषद आहे. तिचे सभासदत्व घ्यावे.

आता नावाच्या घोटाळ्याकडे पुन्हा येतो. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकले जाणारे कित्येक दगड शास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतात. व्यापारी नाव म्हणून ते चालते; पण फिक्या दगडाला रंग वा तेल चोळून काळा करणे चालत नाही. थान पसंत पडले नाही तर ते दुसऱ्या दिवशी परत येते. मोंबासाच्या इमारतीत बसविलेली लादी परत येत नाही. दोन पावसाळ्यांत तिचा रंग उतरला की आपल्या देशाची अब्रू उतरते. नमुन्याची एक लादी दोन्ही पक्षांच्या सहीनिशी स्वतःजवळ ठेवावी आणि त्याच प्रतीचा माल पाठवावा. अचौर्य व्रताच्या अतिचारांत भेसळ आणि खोटे माप यांचा उल्लेख आहे, हे आपणांस नव्याने सांगायला नको.

शेवटी, या भाषणाचा खरा मुद्दा. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत स्फोटकर्म, म्हणजे भूमी व पाषाण फोडण्याचा व्यवसाय, गणला आहे. दुसरीकडे देलवाडा आणि राणकपूर याच मरुभूमीच्या परिसरात पाषाणातूनच घडले. या दोहोंची सांगड कशी घालावी, हे सांगण्याचा अधिकार गुरुमहाराजांचा आहे. या धंद्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांना जरूर विचारावे. परंतु व्यापारी म्हणून एक गोष्ट मी निश्चित सांगतो. "मी केवळ तयार माल घेतो, खाण माझी नव्हे," ही पळवाट आहे.

ग्रॅनाइटमध्ये गारेचा अंश मोठा असतो. कोरडे छिद्र पाडताना, कापताना उडणारी बारीक धूळ मजुराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. गेलेले फुप्फुस कोणतेही औषध परत आणीत नाही. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. कृत्रिम दगडात सिलिका फार असल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. पाण्याचा फवारा, धूळ ओढणारे यंत्र, योग्य मुखपट्टी आणि नियमित तपासणी यांनी हा आजार बराचसा टाळता येतो. यास खर्च येतो, आणि तो खर्च कारखानदार करतो की नाही, हे आपण त्याला देऊ केलेल्या दरावर ठरते. चौरस फुटामागे दोन रुपये घासून कमी करणारा खरेदीदार ते दोन रुपये कोणाच्या श्वासातून काढतो, याचा विचार करावा. कीडामुंगीसाठी जयणा पाळणाऱ्या समाजाने माणसाच्या श्वासाची जयणा विसरू नये.

म्हणून तरुण मित्रांना माझी विनंती : ऑर्डर घेण्यापूर्वी एकदा स्वतः खाणीवर आणि कारखान्यात जा. पाणी मारून कापतात का, ते पाहा. गाळ ओढ्यात सोडतात की ठरल्या जागी टाकतात, ते पाहा. मजुराची शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर तेथून माल उचलू नका. दर कितीही गोड असो. असा दगड पाठवाल तर तो आफ्रिकेतल्या भिंतीवर शोभेल आणि तुमच्या वहीतही.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.